धुरांतील नत्राचें मोल

सन १६६० च्या पावसाळ्यांत शाइस्तेखानाच्या फौजेनें चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें तो लहानसा भुईकोट किल्ला पन्नासांहून अधिक दिवस झुंजविला. अखेर मोंगलांनीं बुरुजाखालीं सुरुंग खणला, त्यांत दारू ठासली, आणि बुरूज उडविला. त्या काळच्या दारूंत सुमारें तीन-चतुर्थांश भाग सोऱ्याचा असे, आणि सोरा म्हणजे नत्र व प्राणवायु यांच्या संयोगाचाच एक क्षार होय. आज त्याच चाकणच्या शिवारांत शेतकरी कांद्याला आणि बटाट्याला युरिया देतो, तेव्हां तोहि नत्रच देत असतो. आणि बांधापलीकडच्या औद्योगिक वसाहतींत जीं इंजिनें, भट्ट्या व बॉयलर चालतात, त्यांच्या धुरांतूनहि नत्र व प्राणवायु यांचा संयोग बाहेर पडत असतो. दारूंतला नत्र पैसे मोजून आणावा लागे. युरियांतला आजहि आणावा लागतो. धुरांतला मात्र फुकट सुटतो, आणि त्याची किंमत भोंवतालच्या माणसांचीं फुप्फुसें देतात.

या धुरांतील संयुगांना विजेच्या साहाय्यानें पुन्हां एखाद्या उपयोगी पदार्थाचें रूप देतां येईल काय, हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनीं जोमानें हातीं घेतला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याला तो कोठें लागू पडतो, आणि कोठें मुळींच लागू पडत नाहीं, हें नीट समजून घेण्यासारखें आहे.

हवेच्या शंभर भागांपैकीं ७८ भाग नत्र आणि २१ भाग प्राणवायु. दोघे युगानुयुगें एकाच घरांत राहतात, पण एकमेकांशीं बोलत नाहींत. नत्राचे दोन अणु परस्परांना तिहेरी बंधानें असे घट्ट धरून असतात कीं, तिसऱ्याची त्यांना पर्वा नसते. हा अबोला सुटण्यास भयंकर उष्णता लागते. आकाशांत वीज कडाडली म्हणजे तेवढी उष्णता क्षणभर उत्पन्न होते. आणि डिझेल इंजिनाच्या नळकांड्यांत ती मिनिटाला शेंकडों वेळां उत्पन्न होते. तेथें उष्णतामान दीड हजार अंशांच्या पलीकडे गेलें कीं, नत्र व प्राणवायु यांची जोडी जुळते आणि नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार होतो. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, धुरांतली सारी घाण इंधनांतून येते. काजळी व गंधक यांच्या बाबतींत तें खरें आहे. परंतु इंजिनाच्या धुरांतला हा नत्र बहुतेक सगळा हवेंतूनच आंत गेलेला असतो. म्हणून इंधन कितीहि शुद्ध वापरलें तरी हा वायु टळत नाहीं. किंबहुना इंजिन जितकें तापट, तितका तो अधिक.

नायट्रिक ऑक्साइडाला रंग नसतो. बाहेरच्या हवेंत त्याचें नायट्रोजन डायऑक्साइड होतें, तें तांबूस तपकिरी रंगाचें आणि झोंबणारें असतें. उन्हांत इतर वाफांशीं संगनमत करून तें जमिनीलगत ओझोन उत्पन्न करतें. ओलाव्याशीं मिळून त्याचें नायट्रिक आम्ल होतें. आणि अमोनियाशीं गांठ पडली तर सूक्ष्म कणांच्या रूपानें तें दूरवर तरंगत जातें. लहान मुलांचा दमा यानें बळावतो. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणें या वायूचें प्रमाण वर्षाच्या सरासरीनें हवेच्या एका घनमीटरांत ४० मायक्रोग्रॅमच्या आंत असावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ही मर्यादा १० वर आणली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘सफर’ या नांवाची जी वायुमापनाची व्यवस्था पुण्यांत २०१३ सालीं सुरू केली, तिच्या केंद्रांत भोसरी, निगडी आणि आळंदी हीं नांवें आहेत. त्यावरून हवेचा प्रश्न कोणत्या बाजूस दाट आहे हें शास्त्रज्ञांनीं ओळखलें होतें, असें म्हणतां येईल.

ही दाटी एका दिवसांत झालेली नाहीं. १९५४ सालीं पिंपरीच्या मोकळ्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. १९६६ सालीं टेल्को, म्हणजे आतांची टाटा मोटर्स, पुण्याच्या या बाजूस आली. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली. पुढें जागा अपुरी पडूं लागल्यावर गाड्यांचे कारखाने नाशिक रस्त्यानें चाकणकडे सरकले: १९९९ मध्यें बजाज, २००९ मध्यें फोक्सवॅगन, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे, रंग देणारे, धातूला मुलामा चढविणारे असंख्य लहान व्यवसाय. इंजिनें बनविणारा मुलुख असल्यामुळें इंजिनांच्या धुराचें शास्त्रहि येथेंच वाढलें. वाहनांची परीक्षा करणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यांत आहे.

आज या वायूचा बंदोबस्त कसा करतात, तें पाहिलें म्हणजे मूळ प्रश्नाची गंमत कळते. १ एप्रिल २०२० पासून सबंध देशांत ‘भारत स्टेज सहा’ हे नियम लागू झाले. त्यापूर्वी डिझेलवर चालणाऱ्या मोटारीला दर किलोमीटरमागें पाव ग्रॅम नत्राचीं ऑक्साइडें सोडण्याची मुभा होती. ती एकदम ०·०८ ग्रॅमवर आली. हें साधण्यासाठीं मोठ्या डिझेल गाड्यांवर निळ्या झांकणाची एक निराळी टांकी बसवितात. तिच्यांत शेंकडा साडेबत्तीस युरिया असलेलें पाणी असतें. तें गरम धुरांत फवारलें कीं युरियाचा अमोनिया होतो, आणि पुढें ठेवलेल्या उत्प्रेरकाच्या विटेवर अमोनिया व नायट्रिक ऑक्साइड यांची गांठ पडून दोहोंचें साधें, निरुपद्रवी नत्र व पाणी होतें. हवेंतून आलेला नत्र हवेंत परत जातो. उपाय उत्तम आहे, त्यानें शहरांचें खरोखर कल्याण झालें आहे.

परंतु जमाखर्च लिहून पाहिला तर त्यांत एक विलक्षण नोंद दिसते. नायट्रिक ऑक्साइडाचा एक रेणु नष्ट करण्यासाठीं अमोनियाचा एक रेणु खर्च करावा लागतो. हा अमोनिया कोठून येतो? तो कारखान्यांत हवेंतल्या नत्राचा तिहेरी बंध मोठ्या कष्टानें तोडून केलेला असतो. फ्रिट्झ हाबर यानें ही कृति प्रयोगशाळेंत साधली, आणि कार्ल बॉश यानें १९१३ सालीं जर्मनींतील ओपाऊ येथें तिचा कारखाना उभारला. शेंकडों अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या शेंकडों पट दाब यांशिवाय ती होत नाहीं. इकडे इंजिनानेंहि तोच बंध नकळत तोडलेला असतो. म्हणजे एकानें मुद्दाम तोडलेला बंध दुसऱ्यानें चुकून तोडलेल्या बंधावर ओंवाळून टाकावयाचा, आणि दोघांची मेहनत वाऱ्यावर सोडावयाची, असा हा व्यवहार आहे.

धुरांतला हा वायु टाकाऊ नाहीं, याला इतिहासाची साक्ष आहे. हेन्री कॅव्हेंडिश यानें १७८५ सालींच कोंडलेल्या हवेंत विजेच्या ठिणग्या पाडून त्यापासून नायट्रिक आम्ल मिळविलें होतें. पुढें नॉर्वेंत बर्कलंड आणि आयडे या दोघांनीं धबधब्याच्या विजेनें प्रचंड ज्योत पेटवून तिच्यांतून हवा नेली, आणि १९०५ पासून नोटोडेन येथें या मार्गानें खत विकावयास काढलें. त्यांना शेंकडा दोन-तीन भाग नायट्रिक ऑक्साइड मिळालें तरी धन्य वाटे. आज भोसरीच्या रस्त्यावर जें संकट आहे, तेंच मिळविण्यासाठीं नॉर्वेकरांनीं नद्या जुंपल्या होत्या!

तेव्हां या वायूला नष्ट न करतां पुढें ढकलून त्याचाच अमोनिया करावा, ही कल्पना सरळ आहे. तो करण्याचें साधन म्हणजे विद्युत्-उत्प्रेरण. हा शब्द जड आहे, पण त्यामागची गोष्ट पुणेकरांच्या नित्य प्रवासांतली आहे. मुंबईहून निघालेली गाडी कर्जतला थांबते. पुढें बोरघाट, चढ असा कीं ३७ फूट पुढें गेलें तर १ फूट वर चढावें लागतें. म्हणून गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडतात आणि तीं तिला लोणावळ्यापर्यंत ढकलीत नेतात. प्रत्येक रासायनिक क्रियेला असा एक घाट असतो. उत्प्रेरक म्हणजे त्या घाटांत खणलेला बोगदा: तो चढ कमी करतो, आणि गाड्या कितीहि गेल्या तरी तो स्वतः जागचा हलत नाहीं. विजेचा दाब म्हणजे मागून लावलेलें इंजिन. विद्युत्-उत्प्रेरणांत बोगदा आणि इंजिन दोन्हीं एकाच वेळीं कामाला येतात, आणि त्यामुळें जें काम हाबर-बॉशच्या भट्टींत प्रचंड उष्णतेनें व दाबानें होतें, त्याच्या जवळपासचें काम घरांतल्या उष्णतामानांत, साध्या भांड्यांत होऊं शकतें.

भांड्याची रचना कठीण नाहीं. दोन विद्युदग्रें, मध्यें क्षार मिसळलेलें पाणी, आणि दोन्हीं बाजूंचे पदार्थ मिसळूं नयेत म्हणून मध्यें एक पातळ पडदा. धनाग्रावर पाण्यांतून प्राणवायु सुटतो. ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे कण, बाहेर येण्यास तयार असतात. तेथें नायट्रिक ऑक्साइडाचा रेणु येऊन टेकला कीं तो एकामागून एक पांच इलेक्ट्रॉन घेतो, पाण्यांतून हायड्रोजन उचलतो, आपला प्राणवायु पाण्याला देऊन टाकतो, आणि अमोनिया होऊन निघून जातो. नत्र व प्राणवायु यांचा बंध नत्राच्या तिहेरी बंधापेक्षां पुष्कळ कच्चा असल्यामुळें हें काम शुद्ध नत्रापासून अमोनिया करण्यापेक्षां फार सोपें आहे.

मात्र पांच स्थानकांच्या या प्रवासांत उतारू वाटेंतच उतरण्याचा धोका असतो. दोन रेणु अर्ध्या वाटेवर एकमेकांना भेटले तर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायु, तयार होतो. नांव आनंदाचें असलें तरी पृथ्वी तापविण्याच्या कामीं तो शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडाच्या २७३ पट समर्थ आहे. म्हणजे आगींतून फुफाट्यांत. दुसरा धोका असा कीं, इलेक्ट्रॉन नत्राकडे न जातां पाण्यांतल्या हायड्रोजनकडे जातात आणि वीज बुडबुड्यांत खर्ची पडते. यासाठीं ऋणाग्राची धातु पारखून घ्यावी लागते. प्लॅटिनम कितीहि मोलाचें असलें तरी येथें फारसें उपयोगी नाहीं; हायड्रोजन करण्याचा त्याला अतोनात सोस. ज्या तांब्याचे हंडे आणि बंब जुन्या घरांतून मोडींत गेले, तें तांबें मात्र या कामीं गुणी ठरलें आहे. तें नायट्रिक ऑक्साइडाला नीट धरतें आणि हायड्रोजनकडे फारसें पाहत नाहीं. २०२० सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं स्पंजासारख्या सच्छिद्र तांब्याचें अग्र वापरून दाखविलें कीं, पुरविलेल्या विजेचा शेंकडा ९० हून अधिक भाग अमोनिया होण्याकडे वळवितां येतो.

हा आंकडा वाचून कोणासहि वाटेल कीं, आतां प्रत्येक गाडीच्या नळीला एक तांब्याचें भांडें बांधलें कीं झालें. येथेंच सावध राहिलें पाहिजे. त्या प्रयोगांत नायट्रिक ऑक्साइड दाट आणि स्वच्छ दिलेलें होतें. डिझेलच्या धुरांत तें दहा हजार भागांत दोन ते दहा भाग एवढेंच असतें, आणि त्याच्या बरोबर शेंकडा पांच ते पंधरा भाग प्राणवायु असतो. प्राणवायु हा इलेक्ट्रॉनांचा मोठा भुकेला; तो पंगतींत आधीं बसतो आणि जवळजवळ सगळें वाढप संपवितो. शिवाय नायट्रिक ऑक्साइड पाण्यांत विरघळण्यास नाखूष आहे. शुद्ध वायूखालीं ठेवलेल्या एका लिटर पाण्यांतहि तें पन्नास-साठ मिलिग्रॅमच उतरतें. पातळ धुराखालीं ठेवलें तर एका मिलिग्रॅमचा अल्पसा अंश. अग्रापर्यंत पोंचण्यापूर्वींच धूर निघून जातो.

त्यांतून मिळणार किती, तेंहि मोजून पाहावें. ‘भारत स्टेज सहा’ची एक डिझेल मोटार वर्षाला १५,००० किलोमीटर चालली, आणि नियमाची मर्यादा तिनें पुरेपूर वापरली, तर ती १,२०० ग्रॅम नत्राचीं ऑक्साइडें सोडील. त्यांतला कणन् कण पकडला तरी त्याचा अमोनिया होईल सुमारें ४४० ग्रॅम. युरिया केला तर पाऊण किलोच्या किंचित् वर. युरियाचें ४५ किलोंचें एक पोतें भरण्यास सत्तावन-अठ्ठावन मोटारींची वर्षाची पुंजी लागेल. एवढ्यासाठीं गाडीवर विजेचें भांडें, पाणी आणि पडदे वाहून नेणें हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. गाडीवर युरियाची टांकी आहे तीच ठीक. आणि चाकणमध्येंच आतां विजेवर चालणाऱ्या गाड्या तयार होऊं लागल्या आहेत, त्यांच्यामुळें त्या टांकीचीहि गरज कालांतरानें कमी होईल. नियम कागदावर आणि धूर रस्त्यावर यांत अंतर किती पडूं शकतें, हें मात्र विसरतां कामा नये. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत परीक्षा चालू असतांनाच धूर स्वच्छ ठेवणारी संगणकाची युक्ति उघडकीस आली. त्यानंतर ‘एआरएआय’नें येथील गाड्यांची रस्त्यावर तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्यें त्या कंपनीनें भारतांतील सुमारें ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या मापाची अट १ एप्रिल २०२३ पासून नियमांतच आली आहे.

मग या शास्त्राला या पट्ट्यांत काम कोठें आहे? जेथें वायु दाट आहे, एका जागीं आहे आणि आधींच पाण्यांत धरला जातो, तेथें. ट्रॉम्बे व तळोजा येथें नायट्रिक आम्लाचे मोठे कारखाने आहेत, पण ते दूरचे. पिंपरी-चिंचवडच्या जवळची गोष्ट म्हणजे ‘पिकलिंग’ची टांकी. न गंजणाऱ्या पोलादाच्या पत्र्याला जोड दिला कीं जोडाभोंवतीं काळसर पापुद्रा धरतो. तो काढण्यासाठीं तो भाग नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक या आम्लांच्या मिश्रणांत बुडवितात. पापुद्रा सुटतो, धातु पांढरी स्वच्छ निघते, आणि टांकीवरून तांबूस धुराचा लोट उठतो. तें नायट्रोजन डायऑक्साइड. या वायूचा कावा असा कीं, तो हुंगतांना खोकला येतो, डोळे चुरचुरतात, पण थोड्या वेळानें बरें वाटतें. कामगार पाळी संपवून घरीं जातो, जेवतो, निजतो. आणि कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, फुप्फुसांत पाणी भरून त्याचा श्वास कोंडूं लागतो. घरच्यांस वाटतें छातींत कफ झाला. डॉक्टरला टांकीची गोष्ट कोणी सांगितली नाहीं तर त्यालाहि तें सुचणें कठीण. ज्यांच्या घरचें माणूस अशा कामावर आहे, त्यांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली तरी पुरे.

नीट चालणाऱ्या कारखान्यांत हा धूर पंख्यानें ओढून ‘स्क्रबर’ नांवाच्या उभ्या मनोऱ्यांत नेतात आणि तेथें त्यावर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा वर्षाव करतात. डायऑक्साइड पाण्यांत उतरतें, न विरघळणारें नायट्रिक ऑक्साइड पुष्कळसें निसटतें. त्याला आधीं प्राणवायु देऊन डायऑक्साइड करावें लागतें, किंवा लोहाचें एक विशिष्ट संयुग पाण्यांत घालून त्याच्याकरवीं पकडावें लागतें. तळाशीं उरतें तें नायट्राइट आणि नायट्रेट यांनीं भरलेलें पाणी. तें तसेंच सोडून दिलें तर हवेंतला शत्रु पवनेंत किंवा इंद्रायणींत गेला, एवढाच फरक. नदींत नायट्रेट वाढलें म्हणजे जलपर्णीचें फावतें, आणि पिण्याच्या पाण्यांत तें फार झालें तर तान्ह्या मुलांच्या रक्तांतली प्राणवायु वाहण्याची शक्ति खुंटते.

विजेच्या भांड्याची खरी जागा या मनोऱ्याच्या तळाशीं आहे. येथें नत्र पाण्यांत आधींच उतरलेला आहे, दाट आहे, आणि धुरांतला प्राणवायु बहुतांशीं बाहेर राहिलेला आहे. नायट्राइटाला अमोनिया होण्यास सहा इलेक्ट्रॉन लागतात, नायट्रेटाला आठ. पाणी अल्कधर्मी असल्यामुळें झालेला अमोनिया वाऱ्याच्या झोतानें उडवून सौम्य गंधकाम्लांत धरतां येतो, आणि अमोनियम सल्फेट हें ओळखीचें खत हातीं येतें. अमोनिया वायुरूपानें वेगळा होत असल्यानें पोलादांतून सुटलेलें क्रोमियम, निकेल आणि फ्लुओराइड मागें भांड्यांतच राहतात. तीं खतांत जाऊं नयेत याची खात्री केल्यावांचून तें शेताला दाखवूंहि नये. अग्रावर त्या धातूंचा थर बसून तांब्याचा गुण झांकला जाऊं नये, म्हणून त्या आधींच गाळून काढाव्या लागतील, हेंहि ओघानें आलें.

आतां खर्चाची गोष्ट. नायट्रिक ऑक्साइडापासून एक किलो अमोनिया करण्यास, दोन व्होल्ट दाब धरला आणि विजेचा एक कणहि वायां गेला नाहीं असें मानलें तरी, सुमारें १६ युनिट वीज लागते. नायट्रेटापासून करावयाचा तर २५. हाबर-बॉशच्या आधुनिक कारखान्यांत त्याच किलोमागें ८ ते १० युनिटांइतकी ऊर्जा पुरते. युनिटाला आठ रुपये धरले तर नुसत्या विजेचेच १२८ ते २०० रुपये झाले. बाजारांत अमोनिया यापेक्षां पुष्कळ स्वस्त मिळतो. वीज कोळशाची असेल तर दर युनिटामागें सुमारें एक किलो कार्बन डायऑक्साइड चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून निघणार, म्हणजे नत्राचा हिशेब सुधारला तरी कार्बनचा बिघडला. कारखान्याच्या छपरावर सूर्याच्या विजेच्या फळ्या असतील, आणि दुपारीं त्यांची वीज उरत असेल, तरच हा बेत शोभतो. म्हणून याला अमोनियाचा कारखाना समजूं नये. हा सांडपाण्याचा बंदोबस्त आहे आणि त्यांतून थोडें खत परत मिळतें, एवढ्याच अपेक्षेनें पाहिलें तर हिशेब कांहींसा जुळतो; कारण नायट्रेट नष्ट करण्यालाहि आज पैसा पडतोच, आणि त्या पैशाबद्दल हातीं कांहींच लागत नाहीं.

अमोनिया स्वस्त आहे, तर त्याहून महाग वस्तु कां करूं नये, असा विचार आतां पुढें येत आहे. पांच स्थानकांच्या प्रवासांत तिसऱ्या स्थानकावर हायड्रॉक्सिलअमीन नांवाचा पदार्थ असतो. वाटेंत उतरणारा म्हणून वर ज्याची तक्रार केली, तशांपैकींच हा एक. पण हा उतारू कामाचा आहे. सायक्लोहेक्झॅनोन या द्रव्याशीं त्याचा संयोग झाला कीं जें ऑक्झाइम मिळतें, त्यापासून कॅप्रोलॅक्टम आणि त्यापासून ‘नायलॉन सहा’ होतें. मालमोटारींच्या टायरांत जी नायलॉनची दोरी असते ती पुष्कळदां याच जातीची. आजच्या रासायनिक कारखान्यांतहि हायड्रॉक्सिलअमीन नत्राच्या ऑक्साइडांपासूनच निराळ्या, लांबच्या वाटेनें करतात. विजेच्या एकाच भांड्यांत तें तयार होतांक्षणीं सायक्लोहेक्झॅनोननें उचलावें, असे प्रयोग प्रयोगशाळांत यशस्वी झाले आहेत. इंजिनाच्या धुरापासून टायरची दोरी, ही कल्पना चाकणला आवडण्यासारखी आहे, पण ती अजून काचेच्या भांड्यापुरतीच आहे.

भांडें मोठें करण्याची विद्या पुण्याला परकी नाहीं. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उत्प्रेरकांवर काम करीत आली आहे, आणि विद्युदग्रांवर उत्प्रेरक पसरण्याचें कसबहि तिनें आत्मसात केलें आहे. ऑक्टोबर २०२० मध्यें वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनीं मिळून हायड्रोजनच्या विद्युद्घटावर मोटार चालवून दाखविली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें पुण्यांतच त्याच विद्युद्घटावरची बस पुढें आणली. त्या घटांत हायड्रोजन जाऊन वीज निघते. येथें वीज जाऊन अमोनिया निघावयाचा. दिशा उलट असली तरी पडदा, अग्र, उत्प्रेरकाचा पातळ लेप, आणि वायु, द्रव व धातु या तिघांना एका रेषेवर आणण्याची खटपट, हें सारें तेंच आहे.

शेवटीं एका सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. अमोनिया ही मोठी लबाड वस्तु आहे. ती माणसाच्या श्वासांत असते, हातमोज्यांवर असते, प्रयोगशाळेच्या हवेंत व पाण्यांत असते. भांड्यांतून निघालेला अमोनिया खरोखर धुरांतल्या नत्राचाच आहे, कीं प्रयोग करणाऱ्याच्या हातमोज्यांतून आलेला आहे, हें नुसत्या मापनानें कळत नाहीं. हवेंतल्या शुद्ध नत्रापासून विजेनें अमोनिया केल्याचे कितीतरी दावे याच कारणानें फोल ठरले. म्हणून आतां संशोधकांवर अशी अट असते कीं, त्यांनीं नेहमींच्या नत्राऐवजीं १५ भाराचा, किंचित् जड असा नत्र घालून प्रयोग पुन्हां करावा, आणि निघालेल्या अमोनियांतहि तोच जड नत्र सांपडतो हें दाखवावें. त्या पुढची कसोटी कारखान्यांतली: तांब्याचें तें अग्र स्वच्छ द्रावणांत कांहीं तास टिकतें, हें पुष्कळांनीं दाखविलें आहे, भोसरीच्या एखाद्या पिकलिंगच्या टांकीखालचें गढूळ पाणी घेऊन तें रात्रंदिवस वर्षभर चालतें कीं नाहीं, हें आतां तपासावयाचें आहे.